प्रतिबिंब, आलेख्य आणि परपुरप्रवेश : मोगल चित्रशाळा व रेंब्रांट यांच्या देवघेवीचा विचार

१

संस्कृत काव्य शिकविण्यांत माझीं तिसांहून अधिक वर्षें गेलीं. मेघदूत सुरू झालें म्हणजे एक प्रश्न बहुधा दरवर्षीं वर्गांत निघे. टीकाकार मल्लिनाथ आरंभींच सांगतो कीं, रामानें सीतेकडे हनुमंताबरोबर पाठविलेला निरोप मनांत ठेवून कवीनें हा मेघसंदेश रचिला. तें ऐकतांच कोणी तरी चुणचुणीत मुलगा विचारी, "गुरुजी, मग कालिदासानें वाल्मीकीचें उचललें, असें म्हणावयाचें काय ?" मी आनंदवर्धनाचें मत सांगून त्याचें समाधान करीत असें. पण एके वर्षीं एका विद्यार्थ्यानें आपल्या गांवच्या नदीस उद्देशून मंदाक्रांता वृत्तांत आठ-दहा श्लोक लिहून माझ्यापुढें ठेविले, तेव्हां तें शास्त्र मला आठवलें नाहीं. वहीच्या समासांत मीं 'कालिदासाची नक्कल' एवढाच शेरा मारिला. त्या मुलानें पुन्हां श्लोक आणले नाहींत.

निवृत्तीनंतर चित्रकलेच्या इतिहासाचें वाचन करूं लागलों, तेव्हां हाच शेरा चांगल्या चांगल्या चित्रकारांच्या माथीं मारलेला आढळूं लागला. आणि त्यांतही एक पंक्तिप्रपंच दिसून आला. मोगल दरबारच्या चित्रकारानें यूरोपांतील ठसा पुढें ठेवून चित्र काढलें तर त्यास सहज 'नक्कल' म्हटलें जातें. यूरोपांतील चित्रकारानें मोगल चित्र पुढें ठेवून काढलें तर त्यास 'प्रेरणा' म्हटलें जातें. कृत्य एक, नांवें दोन. प्रस्तुत लेखांत दोन्ही बाजूंचीं कांहीं निश्चित उदाहरणें एकाच मापानें मोजून पाहावयाचीं आहेत, आणि तें माप आपल्या साहित्यशास्त्रांतून घ्यावयाचें आहे. वाचकांनीं निर्णय मोजणी झाल्यावर करावा, आधीं करूं नये, एवढीच विनंति.

२

एका कवीची कल्पना दुसऱ्या कवीच्या कृतींत आढळते तेव्हां तिला काय म्हणावें, याचा विचार नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतांत केला आहे. त्यानें साम्याचे तीन प्रकार मानिले. पहिलें साम्य आरशांतील प्रतिबिंबासारखें, दुसरें चित्रांत काढलेल्या आकारासारखें, आणि तिसरें सारख्या शरीराच्या दोन माणसांसारखें. प्रतिबिंबाला स्वतःचा देहच नसतो, म्हणून तें त्याज्य. चित्राला देह असतो, पण त्याचें स्वत्व तुच्छ; म्हणून तेंहि त्याज्य. दोन माणसें मात्र दिसण्यांत कितीहि सारखीं असलीं तरी प्रत्येकाचा आत्मा निराळा असतो. तसें साम्य असलेली कृति टाकूं नये, असा त्याचा निर्णय आहे.

त्याच्यानंतर सुमारें दोन पिढ्यांनीं कनोजच्या महेंद्रपालाचा गुरु राजशेखर यानें काव्यमीमांसेंत हाच विषय अधिक बारकाईनें मांडला. हा राजशेखर आपल्या पणजोबास, म्हणजे अकालजलदास, 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणतो. तेव्हां आपल्या प्रांताशीं त्याचा संबंध दूरचा नव्हे. काव्यमीमांसा हा ग्रंथ इ. स. १९१६ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून छापून निघाला. त्यांत राजशेखरानें चार प्रकार सांगितले आहेत. सर्व आशय तोच, केवळ मांडणीचे शब्द बदललेले, तें 'प्रतिबिंबकल्प'. थोड्या संस्कारानें वस्तु निराळी भासूं लागली, तें 'आलेख्यप्रख्य'. विषय भिन्न असूनहि अतिसाम्यामुळें दोन्ही एकच वाटतात, तें 'तुल्यदेहितुल्य'. आणि मूळ एकच असून त्याचा सारा परिवार, सारी रचना पालटलेली, तें 'परपुरप्रवेशसदृश'. हें शेवटचें नांव योग्याच्या परकायाप्रवेशावरून घेतलेलें आहे. पहिल्या दोहोंची योनि, म्हणजे उगम, उघडपणें दुसऱ्याकडे असतो. पुढच्या दोहोंत ती झांकलेली असते.

काव्याची ही परीक्षा करतांना शास्त्रकारांनीं दृष्टांत घेतले ते आरसा आणि चित्र यांचे, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जो शब्द चित्राकडून काव्याकडे उसना आला, तो चित्राकडे परत नेण्यास हरकत नसावी.

३

इ. स. १५८० च्या आरंभीं गोव्याहून निघालेले तीन जेसुइट पाद्री फत्तेपूर शिक्री येथें अकबराच्या दरबारीं पोंचले. रोदोल्फो अक्वाविवा हा त्यांचा प्रमुख होता. सोबत आंतोनिओ मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे होते. त्यांनीं बादशहास अँटवर्प येथें प्लांतँच्या छापखान्यांत छापलेल्या बहुभाषी बायबलाचे खंड नजर केले. या खंडांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलीं चित्रें होतीं. अशा ठशांचा लोट पुढें वाढत गेला आणि ते बादशाही चित्रशाळेंतील कारागिरांच्या हातीं पडले. ठसा काळ्या रेषांचा, कागदावर छापलेला, सहज नेतां येण्याजोगा. त्यामुळें ज्या चित्रांची मूळ भिंत कोणी पाहिली नव्हती त्यांची आकृति समुद्र ओलांडून आली.

पहिलें उदाहरण कालानुक्रमानें पुढचें असलें तरी शास्त्राच्या क्रमानें पहिलें घेतों. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा इ. स. १६१५ पासून १६१९ पर्यंत हिंदुस्थानांत होता. इ. स. १६१६ मध्यें जहांगिराचा मुक्काम अजमेरास असतांना रोनें त्यास आपल्याजवळचें एक लहान चित्र दाखविलें, आणि इतकें चांगलें काम येथें होणें नाहीं, असा त्याचा समज होता. कांहीं दिवसांनीं बादशहानें त्यास रात्रीं बोलावून एका फळीवर चिकटविलेलीं सहा चित्रें पुढें ठेविलीं. त्यांतील पांच दरबारच्या चित्रकारानें केलेलीं होतीं. मेणबत्तीच्या उजेडांत आपलें चित्र कोणतें तें ओळखण्यास रोला कष्ट पडले, अशी कबुली त्यानें स्वतः आपल्या रोजनिशींत दिली आहे. हें शुद्ध प्रतिबिंब होय. येथें हेतूच फसविण्याचा, किंबहुना हातचलाखीची पैज जिंकण्याचा होता. ही नक्कल म्हणण्यास आमची हरकत नाहीं; पण मोगल चित्रकार नक्कल करूं शके तेव्हां ती मुद्दाम करी, आणि इतरत्र करीत नसे तेव्हां तीहि मुद्दामच करीत नसे, एवढें या प्रसंगावरून सिद्ध होतें. असमर्थता हें कारण येथें उरत नाहीं.

दुसरें उदाहरण अबुल हसन याचें. इराणांतून आलेला चित्रकार आका रिझा याचा हा मुलगा. इ. स. १६०० मध्यें, वयाच्या तेराव्या वर्षीं, त्यानें काढलेलें एक रेखाचित्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानें इ. स. १५११ मध्यें कोरलेल्या क्रूसारोहणाच्या ठशांतून ही आकृति घेतलेली आहे. क्रुसाच्या पायथ्याशीं शोकानें हात जुळवून उभा असलेला संत योहान एवढाच त्या मुलानें उचलला; क्रूस, येशू व भोंवतालचीं माणसें सोडून दिलीं. झग्याच्या चुण्या कुंचल्याच्या बारीक रेषेनें व हलक्या छायेनें काढल्या. शोकाचें कारण नाहींसें झालें आणि शोक मात्र उरला. ही कृति आलेख्यप्रख्य होय. मूळ उघड आहे, संस्कार थोडा आहे. पण काय वगळावें हें ज्यास तेराव्या वर्षीं कळलें, त्याचा हात शिकाऊ असला तरी दृष्टि शिकाऊ नव्हती. हाच मुलगा पुढें जहांगिराकडून 'नादिर-उज्-जमान' ही पदवी मिळविता झाला.

तिसरें उदाहरण अधिक गुंतागुंतीचें आहे. आईन-इ-अकबरींत अबुल फजलानें ज्या नामांकित चित्रकारांची यादी दिली आहे, तींत 'केसू' हें नांव आहे. या केशवदासानें सुमारें १५८० ते १५८५ च्या दरम्यान काढलेलें संत जेरोमचें चित्र पॅरिसच्या गिमे संग्रहालयांत आहे. अर्धउघड्या देहाचा एक वृद्ध हातांत ग्रंथ घेऊन कलंडून झोंपला आहे. हें चित्र इटालियन कोरक्या मारिओ कार्तारो याच्या इ. स. १५६४ च्या ठशावरून केलें. आणि कार्तारोनें ती देहाकृति घेतली मिकेलांजेलोच्या नोहापासून. रोमच्या सिस्टाइन मंदिराच्या छतावर इ. स. १५०८ ते १५१२ या वर्षांत जीं चित्रें निघालीं, त्यांत द्राक्षाचा मळा लावून, मद्य पिऊन विवस्त्र पडलेल्या नोहाचें एक चित्र आहे. म्हणजे छतावरचा मद्यपी कार्तारोच्या ठशांत बायबलाचा लॅटिन भाषांतरकार झाला, आणि मद्याच्या झोंपेची ग्रंथाच्या श्रमाची झोंप बनली. देह तोच, विषय निराळा. तुल्यदेहितुल्याचें याहून चोख उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं.

येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा विषयांतराचा गुण कार्तारोच्या पदरीं जातो, केशवदासाच्या नव्हे. केशवदासाचा वांटा निराळा : कोरीव ठशांत रंग नव्हता, तो त्यानें दिला, आणि परक्या देहाभोंवतीं आपल्या चित्रशाळेची सृष्टि उभी केली. तीन हात एका चित्रांत मिसळले असतील तेथें प्रत्येकाचें माप प्रत्येकाच्या पदरांत घालणें हेंच संशोधकाचें काम. 'यूरोपीय छाप' हा एकच शब्द उच्चारून मोकळें होणें म्हणजे हिशेब न लिहितां वही मिटण्यासारखें आहे.

४

आतां दुसऱ्या तीराकडे जाऊं. हॉलंडचा रेंब्रांट (१६०६–१६६९) आपल्या देशाबाहेर गेला नाहीं. पण आम्स्टर्डाम हें पूर्वेकडील व्यापाराचें मोठें बंदर होतें. इ. स. १६०२ मध्यें स्थापन झालेल्या डच कंपनीच्या वखारी सुरत, आग्रा वगैरे ठिकाणीं होत्या, आणि मिरीं, कापड यांबरोबर चित्रेंहि जहाजांतून जात. इ. स. १६५६ मध्यें रेंब्रांटचें दिवाळें निघालें, तेव्हां त्याच्या घरांतील चीजवस्तूंची सरकारी यादी झाली. तींत नाना तऱ्हेच्या पोषाखांच्या छापील चित्रांबरोबर कुतूहलजनक सूक्ष्म चित्रांचें एक पुस्तक नोंदलेलें आहे. सुमारें याच वर्षापासून १६६१ पर्यंत त्यानें मोगल चित्रांवरून काढलेलीं जवळजवळ तेवीस रेखाचित्रें आज उपलब्ध आहेत. इ. स. १७४७ मध्यें जोनाथन रिचर्डसन या इंग्रज संग्राहकाचा संग्रह विकला गेला, तेव्हां त्यांत रेंब्रांटच्या हिंदी चित्रांचें पंचवीस पानांचें पुस्तक होतें. लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयानें इ. स. २०१८ मध्यें हीं चित्रें व त्यांच्या जातीचीं मोगल चित्रें शेजारीं शेजारीं मांडून प्रदर्शन भरविलें, त्यामुळें तुलनेचें काम सोपें झालें आहे.

या रेखाचित्रांत जहांगीर आहे, शहाजहान आहे, शहाजहान व दारा शुकोह हे पितापुत्र आहेत. लक्षांत घ्यावें कीं, रेंब्रांट हीं काढीत होता त्याच काळांत, १६५८ मध्यें, शहाजहान आग्र्यास कैदेंत पडला आणि १६५९ मध्यें दारा मारला गेला. इकडे पिता-पुत्राचें राज्य बुडत होतें, तिकडे एक दिवाळखोर म्हातारा त्या दोघांस कागदावर एकत्र उभें करीत होता.

त्यानें काय ठेविलें व काय टाकलें, तें पाहूं. एका बाजूनें दिसणारा चेहरा, पागोट्याची बांधणी, जाम्याचा घोळ, पायांतील जोडे, हें सर्व त्यानें आपल्या नेहमींच्या धांवत्या हाताला लगाम घालून लक्षपूर्वक उतरविलें. कागदहि बहुतेक ठिकाणीं पूर्वेकडून आलेला, गुळगुळीत वापरला. पण मोगल चित्राचा जो प्राण, म्हणजे घोटून चकचकीत केलेला दाट रंग, सोनें, आणि छायेविरहित सपाट निर्मळ उजेड, तो त्यानें जवळजवळ सगळा सोडला. त्याच्या जागीं तपकिरी शाई आणि पाण्यांत विरघळविलेली छाया आली. मोगल चित्रांतला बादशहा काळाच्या बाहेर उभा असतो. रेंब्रांटच्या कागदावरचा बादशहा जमिनीवर उभा आहे, त्याला वजन आहे. मूळ एक, परिवार सगळा निराळा. राजशेखराच्या भाषेंत हा परपुरप्रवेश होय. परकायेंत शिरणाऱ्या योग्यास त्या देहाचे अवयव आपल्या मर्जीनें हलवितां येतात. पण देह दुसऱ्याचाच राहतो. रेंब्रांटनें तो देह झांकण्याचा प्रयत्न केलेला नाहीं.

या संग्रहांतील एक पान लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. झाडाखालीं चार दाढीवाले वृद्ध बसले आहेत. तिच्याशीं जुळणारें मोगल चित्र व्हिएन्ना येथील शोनब्रुन राजवाड्यांत आहे. आणि इ. स. १६५६ मध्येंच रेंब्रांटनें तांब्याच्या पत्र्यावर आम्लानें कोरून एक ठसा काढला, त्याचा विषय अब्राहामानें केलेलें देवदूतांचें आतिथ्य. बायबलाच्या 'उत्पत्ति' नांवाच्या पहिल्या ग्रंथांत ही कथा आहे : तीन अनोळखी पाहुणे येतात, अब्राहाम त्यांस जेवूं घालतो, आणि म्हाताऱ्या सारेला मुलगा होईल असें वचन ते देतात. यूरोपांतल्या पूर्वीच्या कित्येक चित्रांत हे पाहुणे मेजाभोंवतीं बसलेले दिसतात. रेंब्रांटच्या या ठशांत त्यांची बैठक जमिनीवर आहे, भांडीं खालीं मांडलेलीं आहेत, आणि मध्यभागीं दाढीवाला वृद्ध आहे. झाडाखालच्या त्या चार शेखांची बैठक येथें ओळखूं येते. पंगतीला मांडी घालून बसणाऱ्या आपल्या वाचकास यांत नवल वाटणार नाहीं; पण आम्स्टर्डामच्या त्या चित्रकारास, अब्राहामाचे पाहुणे असेच बसले असतील, ही खूण हिंदुस्थानांतल्या एका चित्रानें पटविली.

आतां याला कोणत्या प्रकारांत घालावें ? प्रतिबिंब नव्हे, आलेख्य नव्हे. विषय भिन्न, बैठक समान, म्हणून तुल्यदेहितुल्य म्हणूं गेलों तर एक अडचण येते. या ठशांत एक मुलगा आहे. पाहुण्यांकडे पाठ फिरवून, कठड्याजवळ, तो धनुष्यानें बाण मारण्यांत गुंतला आहे. हा इश्माएल, हागार दासीपासून झालेला अब्राहामाचा थोरला मुलगा. आपल्या पाठीमागें जें वचन उच्चारलें जात आहे त्यानें आपला वारसा जाणार आहे, हें त्याच्या गांवींहि नाहीं. दाराच्या अंधारांत सारा ऐकते आहे. अब्राहाम हातांत सुरई घेऊन नम्रपणें वांकला आहे. हा मुलगा मोगल चित्रांत नव्हता, त्याचें बीजहि तेथें नव्हतें. बैठक उसनी, दुःख स्वतःचें. चारी प्रकार येथें अपुरे पडतात, आणि आनंदवर्धनानें शेवटीं जी कसोटी ठेविली तीच उरते : या देहांत निराळा आत्मा आहे कीं नाहीं ? येथें तो निःसंशय आहे.

५

हेंच माप दोन्ही बाजूंस लावलें तर काय निष्पन्न होतें ? अजमेरचीं पांच चित्रें नक्कल. तीं तशीच असावयाचीं होतीं. अबुल हसनाचा योहान आणि केशवदासाचा जेरोम हीं नक्कल नव्हत. रेंब्रांटचा शहाजहान ज्या अर्थानें रेंब्रांटचा आहे, त्याच अर्थानें केशवदासाचा जेरोम केशवदासाचा आहे. अब्राहामाचा ठसा या सर्वांहून श्रेष्ठ आहे, हें मान्य करण्यांत संकोच नको. पण तो श्रेष्ठ आहे तो इश्माएलमुळें, चित्रकार यूरोपांतला होता म्हणून नव्हे. प्रेरणा व नक्कल हे शब्द देशावरून वांटावयाचे नाहींत, कृतीवरून वांटावयाचे आहेत.

यांखेरीज एक पांचवा प्रकार आहे, त्याला शास्त्रकारांनीं नांव दिलेलें नाहीं. वर ज्या शोनब्रुन राजवाड्याचा उल्लेख केला, तेथें अठराव्या शतकांत सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्या एका दालनाच्या भिंती मोगल चित्रांनीं सजविण्यांत आल्या. त्यासाठीं चित्रें कात्रीनें कापलीं, एकाचे तुकडे दुसऱ्यास जोडले, आणि नक्षीदार वेलबुट्टीच्या चौकटींत बसविले. त्या चित्रांची किंमत कोणी कमी केली असें नव्हे. दालनास 'दशलक्षांचें दालन' म्हणतात. पण ज्यानें कापलें त्यास चित्र पाहण्याची गरज पडली नाहीं. रेंब्रांट दरिद्री झाला होता तरी त्यानें तीं पानें एकेक रेषा मोजून वाचलीं. दुसऱ्याचें चित्र आपल्या रीतीनें पुन्हां काढणें हा त्या चित्राचा अपमान नव्हे, सर्वांत कष्टाचें वाचन होय. कात्री चालविण्यास वाचन लागत नाहीं.

आपल्या इतिहासाच्या अभ्यासकांस या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. शिवछत्रपतींचीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं दख्खनी कलमाचीं चित्रें आम्स्टर्डामच्या रेइक्सम्युझियममध्यें व लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत, आणि डच लेखक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याच्या इ. स. १७२४ ते १७२६ मध्यें छापलेल्या ग्रंथांत त्यांचा एक ठसा आहे. अशा ठशावरून महाराजांच्या नाकाची ठेवण वा शिरपेंचाचा आकार ठरवूं पाहणाऱ्यानें आधीं विचारावें कीं, या रेषेंत किती हात आहेत, प्रत्येक हातानें काय ठेविलें, काय टाकलें, आणि कोणती गोष्ट आपल्या देशाच्या संवयीप्रमाणें घातली. कोरक्यानें केलेला पालट हा दोष नसतो. तो न ओळखणें हा मात्र संशोधकाचा दोष असतो.

असो. ज्या वहींत मीं तो शेरा मारिला ती आज कोठें असेल, कोण जाणे. त्या श्लोकांतील एक गोष्ट मात्र मला अद्याप स्मरते. कालिदासाचा मेघ उत्तरेकडे जातो. त्या मुलाची नदी उन्हाळ्यांत आटलेली होती आणि तिच्या पात्रांत खड्डे खणून बायका पाणी भरीत होत्या. मंदाक्रांतेच्या गणांत दोन ठिकाणीं चुका होत्या, त्या मीं लाल शाईनें दाखविल्या. पात्रांत खड्डे खणून पाणी भरणाऱ्या बायका मेघदूतांत कोठेंच नाहींत, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.